न्यूयॉर्कची अल्पमुदती घरभाडे नोंदणी : दार भक्कम, पायरी उंच

सेवा : न्यूयॉर्क शहराची अल्पमुदती भाडे नोंदणी. चालवणारं खातं : महापौरांचं विशेष अंमलबजावणी कार्यालय. अर्जशुल्क : १४५ डॉलर, परत न मिळणारं. नोंदणीची मुदत : जास्तीत जास्त ४ वर्षं. तुलनेसाठी : लंडन, पॅरिस, अॅमस्टरडॅम, सॅन फ्रान्सिस्को, टोकियो.

राहतं घर चार रात्रींसाठी पाहुण्यांना भाड्याने द्यायचं म्हटलं की सगळ्यांची नजर आधी आकड्यावर जाते. अॅमस्टरडॅममध्ये ३० रात्री, लंडनमध्ये ९०, टोकियोत १८०. आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो मोजतं कोण आणि मोजतं कधी, यावर सगळा खेळ आहे. पैसे हातात पडण्याआधी मोजला तर तो नियम. वर्ष संपल्यावर, शेजाऱ्याच्या तक्रारीनंतर मोजला तर ती नुसती सूचना. या एका कसोटीवर न्यूयॉर्कची नोंदणी इतर शहरांच्या पुढे आहे. नागरिकांना दिलेली सेवा म्हणून तिच्याकडे पाहिलं तर मात्र तक्रारींची यादी बरीच लांबते.

आधी एक गैरसमज. 'न्यूयॉर्कने २०२३ मध्ये एअरबीएनबी बंद केलं' असं, घरं भाड्याने लावणाऱ्या या संकेतस्थळाबद्दल, सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. यजमान घरात नसताना ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर देणं तिथल्या तीन किंवा अधिक कुटुंबांच्या निवासी इमारतींत आधीपासूनच बेकायदा होतं. २०१० मध्ये राज्याच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ते स्पष्ट केलं आणि ती दुरुस्ती मे २०११ पासून लागू झाली. मधली बारा वर्षं नियम कागदावर होता आणि लिस्टिंग, म्हणजे घरांच्या ऑनलाइन जाहिराती, बाजारात होती. २०२२ च्या स्थानिक कायदा क्रमांक १८ ने नवी मनाई फारशी आणली नाही, जुन्या मनाईला दाराशी पहारेकरी दिला. अर्जाचं पोर्टल मार्च २०२३ मध्ये उघडलं आणि ५ सप्टेंबर २०२३ पासून अंमलबजावणी सुरू झाली.

पहारेकरी कसा काम करतो? यजमानाला शहराकडून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. बुकिंग घेणाऱ्या प्लॅटफॉर्मला व्यवहार पार पाडण्याआधी तो क्रमांक शहराच्या संगणकीय पडताळणी प्रणालीत तपासावा लागतो. क्रमांक जुळला नाही तर प्लॅटफॉर्मने शुल्क घ्यायचं नाही, म्हणजे बुकिंगच होत नाही. न तपासता व्यवहार केल्यास प्लॅटफॉर्मलाच दंड आहे. खरी मेख इथे आहे. शहराने हजारो यजमानांच्या मागे धावण्याऐवजी मोजक्या कंपन्यांना जबाबदार धरलं. यजमानालाही दंड आहेच : नोंदणीशिवाय घर दिल्यास ५,००० डॉलर किंवा त्या भाड्यातून मिळालेल्या उत्पन्नाच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिथपर्यंत.

आता अटी. यजमान त्या घरात कायमचा राहणारा हवा आणि पाहुणे असताना त्याचाही मुक्काम तिथेच हवा. एका वेळी दोनपेक्षा जास्त पैसे देणारे पाहुणे नाहीत, घर पाच खोल्यांचं असलं तरी. पाहुण्यांना घराच्या सगळ्या भागांत जाता आलं पाहिजे. म्हणजे एक खोली पाहुण्यांची आणि बाकी घराला कुलूप, ही मांडणी चालत नाही, आणि पाहुण्याच्या खोलीला किल्लीचं कुलूप लावून तिला वेगळं बिऱ्हाड बनवणंही चालत नाही. पाहुणा घरातल्या माणसांसारखाच घरात राहतो, ही यामागची कायदेशीर कल्पना. शिवाय आग लागली तर कुलपं मध्ये येऊ नयेत, हा साधा हिशोब. संपूर्ण घर किंवा अपार्टमेंट ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी देता येत नाही, मालक तुम्ही स्वतः असलात तरी.

इथेच पहिली मोठी तक्रार. दोन कुटुंबांच्या घराचा मालक खालच्या मजल्यावर राहतो आणि वरचा मजला पाहुण्यांना देऊ पाहतो. सामान्य माणसाच्या भाषेत तो 'घरातच' आहे. नियमाच्या भाषेत वरचा मजला हे वेगळं निवासी एकक आहे, आणि त्या एककात तो राहत नाही. त्यामुळे नोंदणी मिळत नाही. वीस अपार्टमेंट भाड्याने घेऊन चोरून हॉटेल चालवणारा आणि कर्जाचा हप्ता भरण्यासाठी वरचा मजला देणारा, दोघांना हा कायदा एकाच तागडीत तोलतो. कायद्याचा रोख पहिल्यावर होता, फटका दुसऱ्यालाही बसला. आमच्या मते या सेवेतला हा सगळ्यांत कच्चा दुवा आहे, आणि अर्जाचा फॉर्म कितीही सुधारला तरी तो भरून निघणारा नाही.

अर्ज करायचा असेल तर क्रम महत्त्वाचा. १४५ डॉलर परत मिळत नाहीत, म्हणून फॉर्म उघडण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात.

इमारत मनाई-यादीत आहे का, हे आधी पाहायचं. मालकाला 'आमच्या इमारतीत अल्पमुदती भाडं चालणार नाही' असं शहराला कळवून इमारतीचा पत्ता या यादीत घालता येतो. यादी सार्वजनिक आहे, पत्ता टाकून बघता येते. पत्ता तिथे असेल तर अर्ज करण्यात अर्थ नाही, तो नाकारलाच जातो. मग भाडं नियंत्रित आहे का ते बघायचं. भाडं स्थिर किंवा नियंत्रित ठेवलेल्या योजनेतली घरं आणि शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची घरं नोंदणीला पात्रच नाहीत. आपलं घर या गटात आहे की नाही हे कित्येक भाडेकरूंना ठाऊक नसतं. करारात शोधावं, तिथे नसेल तर राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे घराच्या भाड्याचा इतिहास मागवता येतो. तिसरी गोष्ट म्हणजे भाडेकरार. करारात पोटभाड्याला किंवा पाहुण्यांना भाड्याने देण्याला मनाई असेल, तर शहराचा क्रमांक मिळूनही मालक करारभंगाची कारवाई करू शकतो. शहराची परवानगी आणि मालकाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीने दुसरी मिळत नाही. सहकारी मालकीच्या इमारतीत हीच बाब मंडळाच्या नियमांची. तिथे तोंडी 'चालेल' यावर विसंबू नये.

कागदपत्रांत ओळखपत्र लागतं, तुम्ही त्याच घरात कायम राहता याचे पुरावे लागतात, ज्या लिस्टिंग चालवणार त्यांचे दुवे लागतात आणि घराचा आराखडा लागतो. आराखड्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच अडकतात. वास्तुविशारदाकडून काढून घेण्याची गरज नाही, पण त्यात खोल्या, पाहुण्यांना द्यायची खोली, आणि प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडायची नेहमीची वाट स्पष्ट दिसली पाहिजे. कागदावर 'खोली' म्हणून दाखवलेली जागा प्रत्यक्षात तळघरात असेल, किंवा इमारतीच्या मंजूर वापरात ती राहण्याची जागा नसेल, तर आराखडा काढून तुम्ही स्वतःच ती बाब शहरासमोर ठेवलेली असते. म्हणून आराखडा काढण्याआधी इमारतीच्या नोंदींत तो मजला कशासाठी मंजूर आहे ते बघावं. इमारतीवर न मिटवलेली उल्लंघनं आहेत का हेही त्याच नोंदींत कळतं. घर सोडून जाण्याचा आदेश लागू असेल तर पुढचं काहीच करू नये.

राहण्याच्या पुराव्यात घोळ होतो तो नावांचा आणि पत्त्यांचा. पासपोर्टवर पूर्ण नाव, वीजबिलावर आद्याक्षर, करारावर लग्नाआधीचं आडनाव. यंत्राला हे तीन वेगळे माणूस वाटतात. पत्त्याचंही तसंच. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात घरक्रमांकात मधे आडवी रेघ असते, ती कुठे लिहिली आणि कुठे नाही असं करू नये. अपार्टमेंटचा क्रमांक एके ठिकाणी '३ब' आणि दुसरीकडे '३-ब' नको. लिस्टिंगवर टाकलेली माहिती नोंदणीतल्या माहितीशी जुळली तर पडताळणी होते, नाहीतर खरा क्रमांक असूनही बुकिंग अडतं. सगळ्या कागदांवर एकच लिखाण ठरवून घ्या आणि तेच प्लॅटफॉर्मवरही ठेवा.

क्रमांक मिळाल्यावर काम संपत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र घरात दिसेल असं लावायचं, बाहेर पडण्याच्या वाटांचा आराखडाही लावायचा, आणि प्रत्येक मुक्कामाची नोंद जपून ठेवायची. ही वही सुरुवातीपासून ठेवली तर सोपी, नंतर बसून आठवायची म्हटलं तर डोकेदुखी : आल्याची तारीख, गेल्याची तारीख, किती जण, कोणत्या लिस्टिंगवरून, किती रक्कम.

पळवाट म्हणून अनेकजण ३० दिवसांकडे वळतात. सलग ३० दिवस किंवा जास्त मुदतीच्या मुक्कामाला ही नोंदणी लागत नाही. इथे दोन खड्डे आहेत. एक, कायद्याची कसोटी आहे ती त्याच व्यक्तीने किंवा कुटुंबाने सलग ३० दिवस राहण्याची. कागदावर महिन्याचा करार आणि प्रत्यक्षात दर आठवड्याला नवी बॅग, हा प्रकार त्या कसोटीवर टिकत नाही. दुसरा खड्डा जास्त खोल. न्यूयॉर्कमध्ये सलग ३० दिवस कायदेशीरपणे राहिलेल्या माणसाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय बाहेर काढता येत नाही. पाहुणा एकतिसाव्या दिवशी 'जात नाही' म्हणाला तर कुलूप बदलणं हा गुन्हा ठरतो. तेव्हा महिनाभरासाठी घर देणारा माणूस पाहुण्याला खोली देत नसून भाडेकरू ठेवत असतो. चौकशी, अनामत, लेखी करार, सगळं त्या तयारीनेच करावं.

गुण द्यायचे झाले तर : पडताळणीला पाचपैकी पाच, छोट्या मालकाशी वागण्याला दोन.

आता शेजारची दुकानं, म्हणजे तुलनेची शहरं.

लंडनकडे दाखवायला नोंदणी नावाची गोष्टच नाही, आणि तरीही नियम आहे. २०१५ च्या विनियंत्रण कायद्याने लंडनकरांना राहतं घर एका कॅलेंडर वर्षात ९० रात्रींपर्यंत नियोजन परवानगीशिवाय देता येऊ लागलं. अट एवढीच की घर देणारा काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, भरण्यास जबाबदार असावा. एअरबीएनबीने जानेवारी २०१७ पासून पूर्ण घरांच्या लिस्टिंगवर ९० रात्री झाल्या की कुलूप घालायला सुरुवात केली. पण हे कुलूप त्या एका कंपनीच्या दारावरचं. तेच घर दुसऱ्या संकेतस्थळावर टाकलं तर मोजणी पुन्हा शून्यापासून, कारण रात्रींची बेरीज करणारं मधलं कोणी नाही. कायद्याच्या नजरेत मात्र बेरीज एकच, घराची. यजमान बदलला, पती-पत्नींनी दोन खाती काढली, तरी रात्री घराच्याच खात्यात जमा होतात. अंमलबजावणी ३२ बरो, म्हणजे शहराच्या विभागांच्या पालिका, आणि सिटी ऑफ लंडन यांच्याकडे, आणि पुरावा गोळा करायचं ओझं त्यांच्याच डोक्यावर. प्रामाणिक यजमानाला लंडन सगळ्यांत स्वस्त आणि सोपं. जिन्यात दर शुक्रवारी चाकांच्या बॅगा ऐकणाऱ्या शेजाऱ्याला सगळ्यांत वाईट.

पॅरिसने डिसेंबर २०१७ पासून नोंदणी क्रमांक सक्तीचा केला. क्रमांक तेरा चिन्हांचा : आधी पाच अंकी भौगोलिक संकेत, मग सहा अंकी ओळख, शेवटी दोन तपासणी-चिन्हं. या शेवटच्या दोन चिन्हांमुळे टंकनातली चूक पकडता येते. पण साचा बरोबर असणं आणि क्रमांक खरा असणं यात फरक आहे. दुसऱ्याचा क्रमांक उचलून टाकला तर साचा तक्रार करत नाही. प्लॅटफॉर्मकडून वसुली करण्याची ताकद मात्र शहराने दाखवून दिली : २०२१ मध्ये न्यायालयाने क्रमांकाविना असलेल्या १,०१० लिस्टिंगसाठी एअरबीएनबीला ८० लाख युरोंहून अधिक दंड ठोठावला.

मुख्य घराची पॅरिसची व्याख्या लक्षात ठेवण्यासारखी : वर्षातले किमान आठ महिने तुम्ही तिथे राहिलं पाहिजे. उरले चार महिने, म्हणून जुनी मर्यादा १२० रात्रींची. नोव्हेंबर २०२४ च्या राष्ट्रीय कायद्याने शहरांना ही मर्यादा ९० पर्यंत उतरवण्याची मुभा दिली आणि पॅरिसने १ जानेवारी २०२५ पासून ती उतरवली. जुने लेख वाचून १२० धरून चालणारे अजूनही सापडतात. मर्यादा ओलांडल्यास १५,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. आणि दुसरं घर असेल, म्हणजे तुम्ही जिथे राहत नाही ते, तर रात्रींचा प्रश्नच येत नाही. तिथे वापरबदलाची परवानगी लागते, आणि पॅरिसमध्ये ती मिळवायची म्हणजे घराच्या बदल्यात तितकी निवासी जागा कुठेतरी तयार करून देणं. हे व्यावसायिकाचं काम. सुट्टीतलं घर चार पैसे कमवेल या आशेवर असलेल्याने तिकडे वळूच नये.

अॅमस्टरडॅमने २०१९ मध्ये मर्यादा वर्षाला ३० रात्रींवर आणली. त्याआधी ६० होती. एका वेळी चारच पाहुणे. नोंदणी क्रमांक हवा, परवाना हवा, तुमचं नाव त्या पत्त्यावर पालिकेच्या रहिवासी नोंदीत हवं, आणि वर प्रत्येक मुक्काम पाहुणे येण्याआधी पालिकेला कळवायचा. हे शेवटचं कलम आम्हाला सगळ्यांत हुशार वाटतं, कारण रात्रींची मोजणी संकेतस्थळाकडे न राहता पालिकेच्या वहीत होते, आणि कोणत्याही प्लॅटफॉर्मवरून आलेला पाहुणा त्याच वहीत जातो. लंडनमधली पळवाट इथे बुजते. यजमानाला मात्र हे विसरण्याचं भय असतं : एक मुक्काम कळवायचा राहिला की ३० पैकी दहाच रात्री वापरलेल्या असूनही उल्लंघन होतं. बुकिंग पक्कं झालं त्याच दिवशी कळवायची सवय लावावी आणि रद्द झालं तर नोंदही मागे घ्यावी. भाड्यावर पर्यटक करही आहे, २०२४ पासून १२.५ टक्के. दर ठरवताना हा कर धरला नाही तर तो आपल्याच खिशातून जातो. सामाजिक गृहनिर्माणातल्या भाडेकरूंनी हा परिच्छेद वाचून सोडून द्यावा, त्यांना परवानगी नाही.

सॅन फ्रान्सिस्कोबद्दल थोडक्यात, कारण तिथलं गणित सरळ आहे. यजमानाने वर्षातल्या किमान २७५ रात्री त्या घरात काढल्या पाहिजेत. ३६५ मधून २७५ गेले की उरतात ९०, आणि यजमान नसताना घर देण्याची मर्यादाही तेवढीच. यजमान घरात असताना एखादी खोली द्यायला रात्रींची मर्यादा नाही. म्हणजे न्यूयॉर्कच्या यजमानाला जे एकच दार उघडं आहे, ते इथे सताड उघडं, आणि शेजारी ९० रात्रींची खिडकीही. अर्ज करण्याआधी त्या घरात सलग ६० दिवस राहिलेलं असावं लागतं, त्यामुळे नव्या घरात सामान उतरवताक्षणी अर्ज करता येत नाही. किमान ५ लाख डॉलरचं दायित्व-विमा संरक्षण लागतं आणि शहराच्या करखात्याकडे व्यवसाय-नोंदणीही. विम्याबद्दल एक गोष्ट सगळ्याच शहरांना लागू पडते : घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यांमुळे झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. नियमाने विमा मागितला नाही म्हणून तो नको असं होत नाही. पॉलिसीतलं वगळणुकीचं कलम स्वतः वाचावं आणि विमा कंपनीकडून उत्तर लेखी घ्यावं. घर कर्जावर असेल तर कर्जकरारातली राहण्याची अटही त्याच बैठकीत वाचून काढावी.

टोकियोचा कागद सगळ्यांत जाड. जपानचा निवासी-मुक्काम व्यवसाय कायदा १५ जून २०१८ पासून लागू झाला. त्याआधी नोंदणी क्रमांक नसलेली बहुतांश लिस्टिंग एअरबीएनबीने उतरवली, आणि त्या महिन्यात आधीच पैसे भरून बसलेल्या प्रवाशांची चांगलीच धावपळ झाली. मर्यादा वर्षाला १८० दिवस. मोजणी १ एप्रिलच्या दुपारी बारापासून पुढच्या १ एप्रिलच्या दुपारी बारापर्यंत. एक दिवस म्हणजे दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. त्यामुळे डिसेंबर संपला की कोटा नव्याने मिळतो, अशी समजूत करून घेतली तर जानेवारी ते मार्च हे तीन महिने हाताशी काहीच उरत नाही, आणि चेरी फुलण्याचा हंगाम त्यातच येतो.

त्यावर वॉर्डांचे वेगळे नियम. शिंजुकूच्या निवासी भागांत शुक्रवार दुपार ते सोमवार दुपार एवढंच घर देता येतं. म्हणजे १८० हा आकडा जाहिरातीपुरता, हाती लागतात फक्त शनिवार-रविवारचे मुक्काम. घर विकत घेण्याआधी किंवा भाड्याने घेण्याआधी देशाचा कायदा वाचून थांबू नये, त्या वॉर्डाचा नियम आणि तो पत्ता कोणत्या विभागात पडतो ते पाहावं. दुसऱ्या टोकाला ओता वॉर्ड आहे. नियमांत सूट देणाऱ्या सरकारी 'विशेष क्षेत्र' योजनेत तिथे १८० ची मर्यादा नाही, पण किमान मुक्काम दोन रात्री तीन दिवसांचा हवा.

यजमान पाहुण्यांच्या मुक्कामात घरी नसेल, किंवा पाहुण्यांच्या खोल्या पाचपेक्षा जास्त असतील, तर नोंदणीकृत व्यवस्थापन कंपनीकडे काम सोपवावंच लागतं. तिचा मोबदला १८० दिवसांच्या उत्पन्नातून जातो, आणि पुष्कळ छोट्या यजमानांचा हिशोब इथेच तोट्यात जातो. प्रत्येक पाहुण्यामागे किमान ३.३ चौरस मीटर जागा, आपत्कालीन दिवे, बाहेर पडण्याच्या वाटेचा फलक. यजमान स्वतः राहत असेल आणि पाहुण्यांच्या खोल्या मिळून ५० चौरस मीटरच्या आत असतील तर दिव्यांत सूट आहे. पाहुण्यांची नोंदवही तीन वर्षं जपायची, जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत ठेवायची, आणि दर सम महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मागच्या दोन महिन्यांचे दिवस, माणसं आणि त्यांचं राष्ट्रीयत्व कळवायचं. एकही पाहुणा आला नसेल तरी 'शून्य' हा अहवालच असतो. अपार्टमेंट इमारतीत व्यवस्थापन नियमांची मनाई नाही हे दाखवावं लागतं, आणि अग्निशमन खात्याची पूर्तता वेगळी. कागद जास्त आहेत हे खरं, पण प्रत्येक कागद काय मागतो ते आधीच लिहिलेलं आहे. जो वेळेवर भरतो त्याला आश्चर्याचा धक्का बसत नाही. न्यूयॉर्कच्या अर्जदाराला हे समाधान क्वचितच मिळतं.

युरोपात पॅरिस आणि अॅमस्टरडॅमच्या मधली दरी भरायला युरोपीय संघाचा २०२४ चा विनियम १०२८ आहे, लागू होण्याची तारीख २० मे २०२६. जिथे नोंदणी सक्तीची आहे तिथे प्लॅटफॉर्मने क्रमांक दिसेल असा लावायचा, अधूनमधून नमुना काढून तो खरा आहे का तपासायचा, आणि मुक्कामांची माहिती दर महिन्याला सरकारी प्रवेशद्वारातून द्यायची. लहान प्लॅटफॉर्मना तिमाहीची सवलत. प्रत्येक बुकिंगआधी क्रमांक तपासणारा न्यूयॉर्कचा पहारेकरी हा नव्हे. इथे नमुना काढून तपासणी आहे. पण दोन संकेतस्थळांवरच्या रात्रींची बेरीज करणारी वही मात्र यातून तयार होते, आणि दोन ठिकाणी लिस्टिंग टाकून रात्री वाटून घेणाऱ्या यजमानांनी आपली बेरीज आजच करून ठेवलेली बरी.

घर देणाऱ्यापेक्षा घर घेणारे वाचक जास्त असतील, तर त्यांच्यापुरतं : पैसे भरण्याआधी लिस्टिंगवर क्रमांक शोधा. टोकियोत १८० दिवसांच्या कायद्याखाली नोंदवलेल्या घराचा तो एम या अक्षराने सुरू होतो आणि पुढचे दोन अंक टोकियोसाठी १३ असतात. पॅरिसमध्ये तेरा चिन्हं मोजा. न्यूयॉर्कमध्ये राहत्या निवासी इमारतीतलं 'पूर्ण अपार्टमेंट, चार रात्री, सहा पाहुणे' असं दिसलं तर क्रमांक शोधत बसण्याचीही गरज नाही. हॉटेल-वर्गात मंजूर झालेली इमारत नसेल तर ते घर कायदेशीर असूच शकत नाही. आणि 'खालच्या चौकीदाराला मित्राकडे आलोय असं सांगा' असा यजमानाचा निरोप आला, तर तो कोणत्याही शहरात एकच गोष्ट सांगतो.